अंगणातला सोळा अँपिअरचा सॉकेट

ती. श्रावणभाऊंस, सिंदेवाहीहून रामाजीचा नमस्कार.

आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुमच्या गुडघ्याचं कळवा. बिब्ब्याचं तेल लावत असाल तर थांबवा. मी लावून पाहिलं, दुखणं राहिलं आणि कातडी गेली. फोन करत नाही, कारण मी फोनवर बोलू लागलो की तुमची बहीण सुगंधा शेजारी उभी राहून माझी वाक्यं पूर्ण करते.

तर तुमची भाची दिव्यानी दहा तारखेला माहेरी येते आहे, तीन वर्षांनी. सोबत जावई आदेशराव आणि त्यांची नवी घरगाडी, म्हणजे जिच्यात पलंग, शेगडी, फ्रीज, एसी आणि संडाससुद्धा आहे अशी गाडी. चारही दिवस दोघं अंगणात त्या गाडीतच राहणार आहेत. "बाबा, तुमाले काऊन तरास द्याचा?" असं ती म्हणाली. सुगंधाने त्यांच्यासाठी मधली खोली नुकती रंगवून घेतली होती. तिने खोलीला कडी लावली आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला (गाडी जणू मीच घेतली).

गाडीला वीज हवी, म्हणून आदेशरावांनी कळवलं की अंगणात सोळा अँपिअरचा झाकणवाला सॉकेट बसवा आणि त्याला वेगळं अर्थिंग करा. लग्नमंडपांची लायटिंग करणारे आपले बाबूभाई आले. तुम्ही सांगितलं होतं तसाच पुरुषभर खड्डा, तळाशी तांब्याची प्लेट, वर मीठ आणि कोळसा थरावर थर. बाबूभाईंनी दहा किलो खडेमीठ सांगितलं होतं. मी चाळीस किलो आणलं. (जावयाच्या कामात हात आखडता घेऊ नये, ही आपल्याकडची रीत. ती मिठाला लागू नाही, हे कोणी बोललं नव्हतं.) सुगंधाने अबोला न सोडता खड्ड्याला हळदकुंकू वाहिलं. पाणी घालायला सोपं जावं म्हणून मी खड्डा वरून उघडाच ठेवला.

संध्याकाळी गावची गुरं रानातून परतली ती आपापल्या घरी न जाता सरळ आमच्या फाटकातून आत शिरली आणि खड्ड्याभोवती पंगत धरून मीठ चाटू लागली. एका म्हशीचा पाय वायरसाठी खणलेल्या नालीत गेला आणि पाइपासकट वायर बाहेर आली. मंडपात नवरदेवाने वायर ओढल्याचं बाबूभाईंनी पाहिलं होतं, म्हशीने ओढल्याचं प्रथमच. चौथ्या दिवशी गुराखी झिंगू तक्रार घेऊन आला. "भाऊ, गाई रानात जाऊनच नाई राह्यल्या. तुमच्या फाटकापाशी उभ्या राह्यतेत. आता तुमीच चारा!" मागोमाग वनरक्षक आले. मिठाला उद्या चितळं येतील म्हणाले, "अन् चितळामागं कोन येते, थे मी सांगू काय?" त्यांनी सांगायची गरज नव्हती. मी त्याच दुपारी खड्ड्यावर फरशी टाकली.

नंतर बाबूभाईंनी वायर पुन्हा ओढली आणि फेज आणि अर्थिंगमध्ये शंभरचा बल्ब लावून पाहिला. लख्ख पेटला. "अशी अर्थिंग अख्ख्या तालुक्यात नाई भेटत, भाऊ," ते म्हणाले. एकूण काम उत्तम झालं आहे, काळजी नसावी.

आपला,
रामाजी

ता. क. : काम उत्तम झाल्याचं दिव्यानीला कळवू नका. उलट तिला फोन करून सांगा की अर्थिंग ठीक नाही, गाडी जोडू नका. तुम्ही रिटायर लाइनमन आणि तिचे मामा. विजेच्या बाबतीत ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. खोटं बोलणं जिवावर येत असेल तर नुसतं "मले जरा शंका आहे" म्हणा. नोकरीत असताना तुम्ही एवढ्यावर अख्खं गाव आठ दिवस अंधारात ठेवत होतात.

ता. क. २ : सुगंधाने आज खोलीची कडी काढली. गाद्यांचा कापूस पिंजून आणला, नवे अभ्रे घातले, आणि मला म्हणाली, "येतेत तं येतेत, नाई तं मीच झोपतो इथी." भाऊ, लेक अंगणात आणि तिची माय रिकाम्या खोलीत, हे माझ्याच्याने पाहवणार नाही. फोन नऊ तारखेच्या आत करा.