स्मशान आपल्या पायावर उभं राहिलं

बाई, आज दुपारी उदगीर पालिकेच्या सभेत आपल्या स्मशानभूमीचा ठराव मंजूर झाला. घरी आले आणि पाणीसुद्धा न पिता तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली. यंदापासून आपलं स्मशान पालिकेच्या तिजोरीकडं काहीही मागणार नाही. सरण सगळ्यांना फुकट, कुठल्याही जातीचा माणूस असो, आणि खर्च स्मशानच भागवणार. तुमच्या सहावीच्या वर्गातली पोरगी आता नगरसेविका आहे, हे तर तुम्हाला ठाऊकच नाही. असं एकदम सगळं सांगत सुटलेय बघा.

ते दुष्काळाचे दिवस तुम्ही विसरला नसाल. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. गावातली मोठी माणसं नव्या कचेऱ्यांच्या नादात रोज लातूरची एसटी धरायची, आणि इकडं विहिरींनी तळ दाखवला होता. त्याच उन्हाळ्यात आमचे आबा, बापाचे वडील, गेले. शिवारातल्या बाभळी लोकांनी आधीच तोडून नेल्या होत्या, वखारीतलं लाकूड आम्हाला परवडत नव्हतं, पालिकेची लाकडाची खोली रिकामी. बाप घराच्या दाराच्या फळ्या उचकटतोय. मी शाळेत आले नाही म्हणून तुम्ही बघायला येता, आमच्या वस्तीत, भर उन्हात. दारात उभ्या राहून सगळं ऐकता आणि तडक माघारी फिरता. आई म्हणाली, "गेल्या बघ. मोठ्या लोकायचं असंच असतंय."

तासाभरानं बैलगाडी आली. गाडीत शाळेच्या अडगळीतले मोडके बाक, वर तुम्ही. मागून सायकल हाणत हेडमास्तर.

"बाई, सरकारी सामान हाय हे. कुणाला इचारून उचललं?"

तुम्ही गाडीतून उतरत म्हणालात, "सर, या म्हाताऱ्याला लहानपणी शाळेनं बाहेर पायरीवर बसवलं होतं. बाकावर कधी बसू दिलं न्हाई. आता बाकच त्यांच्याकडं निघालेत, तर जाऊ द्या."

हेडमास्तर सायकलवरून उतरले. टोपी काढून आमच्या बापाशेजारी उभे राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनीच तुम्हाला मेमोही दिला. त्यानंतर मी वर्गात नुसती तुमच्याकडं बघत बसायची, तर एक दिवस तुम्ही रागावलात. "माझे उपकार काय मोजायलीस? मेलेल्या माणसासाठी लाकूड मागत फिरायची पाळी गावावर का आली, त्याचा इचार कर की."

विचार करायला मला फार वर्षं लागली, बाई. मागल्या निवडणुकीनंतर सभेत विषय निघाला की स्मशान तोट्यात आहे, ठेकेदाराला देऊन टाका, तो ज्याच्या त्याच्याकडून पैसे घेईल. मी उठले. म्हटलं, मला स्मशानामागची पडीक जागा द्या, बाकी काही नको. एक सभासद हसला. "ताई, मढ्यावर कमाई करता काय?" म्हटलं, मढ्यावर नाही, जमिनीवर करते.

शेजारून गावाच्या सांडपाण्याचा नाला वाहतो. ते पाणी चर खणून पडीक जागेत वळवलं. सुबाभूळ लावली, बांबू लावला. सुबाभूळ पाळीपाळीनं तोडून सरणाला, बांबू टोमॅटोच्या झाडांना आधाराला म्हणून शेतकऱ्यांना विकायचा. त्या बांबूच्या पैशातून रस्त्याकडच्या भिंतीला भाड्यानं द्यायला गाळे काढले, पण स्मशानाला टेकून दुकान कोण घेणार? गाळे ओस पडले, माझी झोप उडाली. शेवटी स्टँडवर फुलं विकणारी एक विधवा बाई आली. मी विचारलं, "भीती नाही ना वाटत?" ती म्हणाली, "मेल्यायचं कशाचं भ्या? मला तर स्टँडवरून जित्त्यांनीच उठवून लावलं." तिच्यामागून चहावाला आला, मग रोपवाटिका. आता जळकोटपासून लोक रोपं न्यायला येतात. आणि तो हसणारा सभासद? त्याला मेव्हण्यासाठी गाळा हवाय. आज पहिला हात त्याचा वर गेला.

हे पत्र कुठं टाकणार? कपाटात साड्यांखाली ठेवीन. पण एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. आपल्या स्वतःच्या लाकडाचं पहिलं सरण रचलं, त्या दिवशी मी तिथं होते. मजुरी करणारा एक माणूस बापाला घेऊन आला होता. खिशावर हात ठेवून विचारत होता, "किती द्यायचं?" राखणदार म्हणाला, "काय न्हाई." त्यानं पुन्हा विचारलं. राखणदार पुन्हा तेच म्हणाला. तेव्हा त्या माणसानं खिशावरचा हात काढला आणि मोकळेपणी रडायला लागला. मला तिथं उभं राहवेना. दुसऱ्याचा बाप सरणावर, आणि मी बांबूच्या बेटामागं जाऊन, तोंडात पदर कोंबून, पोटभर हसले, बाई.