राजेंच्या गाडीचं ब्रेक ऑइल

२ फेब्रुवारी, रविवार

परत हरलो. आणि परत राजेंकडूनच!

राजे म्हणजे माझे साडू. वहीतसुद्धा त्याचं नाव लिहायचं नाही असं ठरवलंय. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा; जन्मात कधी पाना हातात धरला नाही, पण शर्यतीच्या ट्रॅकवर उतरला की छाती पुढे काढून चालतो — म्हणून राजे.

सबब सांगायलाही जागा नाही. दोघांच्या गाड्या एकसारख्या. एका कंपनीने आपल्या जुन्या छोट्या गाड्या विकायला काढल्या तेव्हा आम्ही दोघांनी मिळून दोन घेतल्या. तेच इंजिन, तेच म्हातारपण. आज पहिल्या तीन-चार फेऱ्या झकास गेल्या. मग सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला तर पेडल कडक, पण गाडी थांबायचं नाव घेईना. ब्रेकचे पॅड तापले होते. मी जरा अलीकडेच ब्रेक मारायला लागलो आणि हा बाबा आतल्या बाजूने घुसला. त्याचेही ब्रेक तापतात की! पण तो भीत नाही, कारण काय होऊ शकतं ते त्याला ठाऊकच नाही.

नंतर चहा पिताना सगळ्यांसमोर म्हणाला, "गुरुजी, पुढच्या वेळी पुस्तक गाडीतच ठेवा." मला गुरुजी म्हणतो. सगळे हसले. माझी मुलगी सगळ्यात जास्त हसली.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज कारखान्यात एका पुरवठादाराचा सगळाच्या सगळा माल नापास केला. पंपाची झाकणं. केसाएवढा फरक. माणूस माझ्या टेबलापाशी उभा राहून गयावया करत होता, मग घरच्या अडचणी सांगायला लागला. मी चष्मा पुसत बसलो. तपासनिसाने नाही म्हणायचं असतं, तेच तर माझं काम. बरं वाटलं.

येताना ठरवून टाकलं — पुढच्या चाकांचे ब्रेक बदलायचे. सगळे!

८ फेब्रुवारी, शनिवार

भंगारवाल्याकडे आमच्याच गाडीची मोठ्या इंजिनाची बहीण मिळाली. तिचे पुढचे कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे जबडे, काढून आणले. डिस्क नव्या, चांगल्या मोठ्या. पॅड खास ट्रॅकचे. रबरी होस पाइपच्या जागी स्टीलच्या जाळीचे. ऑइलही जास्त तापमान सोसणारं. सगळं जेवणाच्या टेबलावर मांडून बघत बसलो.

ही म्हणाली, "गाडीला एवढे चांगले ब्रेक लावताय, जिभेला कधी लावणार?"

हिला वाटतं, ही फार विनोदी आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

गंजलेला एक बोल्ट सकाळभर पुरला. दुपारी सगळं बसवून चाक लावायला गेलो तर चाक बसेना! कॅलिपर मोठा, चाक आतून घासतंय. आधी मोजायला हवं होतं. मोजायचा कंटाळा केला. हे कोणाला सांगायची गरज नाही. मोठी चाकं मागवली आहेत. विचारलं तर म्हणणार, आधीपासून ठरलंच होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ब्रेकच्या ऑइलमध्ये शिरलेली हवा काढायची म्हणजे दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून कॅलिपरचं निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, उघडायचं, ऑइलबरोबर बुडबुडे निघाले की निपल बंद करायचं, मग आतल्याने पाय सोडायचा. दाब, धर, सोड. यात डोकं लागत नाही. म्हणून मुलीला बसवलं.

तासभर झाला तरी पेडल लुसलुशीतच. जमिनीपर्यंत जातंय! म्हटलं, तू पाय आधी सोडतेस. ती म्हणाली, नाही सोडत. म्हटलं, मग हवा काय मी तोंडाने भरतोय? पुन्हा. पुन्हा. तिची पोटरी थरथरायला लागली होती, मला खालून दिसत होतं. पार्किंगमध्ये शेजारी उभे राहून ऐकत होते. ऐकू देत.

शेवटी म्हणालो, "एक साधं काम धड जमत नाही, म्हणूनच नोकरीवरून काढलं तुला."

गेल्याच महिन्यात तिला काढलं. बोलायला नको होतं असं हिचं म्हणणं. मला तसं वाटत नाही. खरं ते खरं.

मुलगी उतरून वर निघून गेली. गाडीचं दार उघडंच टाकून. तेही जमलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

कॅलिपर उलटे लावले होते. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. मीच! त्यामुळे निपल खालच्या बाजूला आलं. हवा वर चढून बसते, खालून ती निघणार कशी? पोरीने वर्षभर पेडल दाबलं असतं तरी निघाली नसती.

सगळे झोपेत असताना खाली जाऊन अदलाबदल केली. मग तिला हाक मारली. चहा संपायच्या आत पेडल दगडासारखं! म्हटलं, "बघ, आज नीट दाबलंस."

एवढं कौतुक केलं तरी साधी हसली नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नवे पॅड डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. कारखान्यामागच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. वेग घ्यायचा, कचकन दाबायचं, पूर्ण थांबायच्या आत सोडायचं, पुन्हा वेग. जळका वास सुटला, मग ब्रेकने जी पकड घेतली! पट्टा छातीत रुतला. गाडी नाकावर उभी राहते म्हणतात ती अशी. एकटाच मोठ्याने हसलो.

राजे, आता या.

२३ फेब्रुवारी, रविवार

राजे आले. ट्रॅकवर जायच्या आधीच्या रविवारी तो आपली गाडी माझ्याकडे आणतो, मी ती नजरेखालून घालतो. हे पहिल्यापासून चालत आलंय. स्वतःला काही कळत नाही, आणि माझ्या एका 'ठीक आहे'वर डोळे मिटून उतरतो. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं आणि वर मिशीवर ताव!

टायर बघितले. पॅड बघितले; त्याने नवे घातलेत, माझ्यासारखेच, ट्रॅकचे. कुणीतरी सांगितलं म्हणे. मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं. ऑइल काळंकुट्ट. कितीतरी वर्षांचं असणार. जुनं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. ब्रेक सणसणून तापले की ते उकळतं, आत वाफ होते, आणि पाय दाबला की पेडल सरळ जमिनीला. तेही आधी न सांगता! पॅड दमले तर निदान कळतं तरी.

माझ्यामागे फळीवर चांगल्या ऑइलची अर्धी बाटली उरलेली होती. अर्ध्या तासाचं काम.

झाकण लावलं. म्हणालो, "ठीक आहे."

"गुरुजी म्हणाले, म्हणजे झालं," असं म्हणून त्याने माझ्या पाठीत थाप मारली. ग्रीसचा हात होता माझा, नाहीतर मीही मारली असती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

फार काय होईल? सरळ पट्ट्याच्या शेवटी वळणाबाहेर वाळू आहे. गाडी वाळूत रुतेल, ट्रॅक्टरने ओढून काढतील, लोक हसतील. एकदा त्याच्यावर हसू देत.

वाळूच्या पलीकडे टायरांची भिंत आहे. पण तिथपर्यंत कोणी जात नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दोनदा फोन हातात घेतला. ठेवून दिला. त्याची गाडी, त्याचं डोकं. मी काय त्याचा नोकर आहे?

१ मार्च, शनिवार

मुलगी आज मावशीकडे राहायला गेलीय. उद्या त्यांच्याबरोबरच येणार, राजेंच्या गाडीतून. माझ्या गाडीत म्हणे बोलायची सोय नसते.

उद्या कळेल सगळ्यांना.

२ मार्च, रविवार

जिंकलो. हे आधी लिहितो, कारण नंतर विसरायला होईल.

सकाळच्या फेऱ्यांत मी राजेंच्या मागे होतो. सरळ पट्ट्याच्या शेवटी तो ब्रेक मारायचा त्याच्या कितीतरी पुढे जाऊन मी मारला. गाडी जमिनीला चिकटली, वळली, आणि तो मागे! प्रत्येक फेरीत तसंच. पेडल शेवटपर्यंत तसंच घट्ट. उतरलो तेव्हा अनोळखी माणसं येऊन चाकांमधून डिस्क बघत होती. राजेंनीही हात मिळवला. चांगल्या मनाने मिळवला, त्याचा मला राग आला. त्याचे ब्रेक का गेले नाहीत, एवढंच डोक्यात होतं. म्हटलं, सकाळी गारवा होता. दुपारी जातील.

जेवणानंतर शेजारी माणूस बसवायला परवानगी असते. चार लोकांत उभा होतो, माझंच कौतुक चाललं होतं. राजे आले, मागे माझी मुलगी, हेल्मेट हातात.

"गुरुजी, हिला चार फेऱ्या मारून आणू? गाडी तुम्ही बघितलीच आहे."

पोरगी माझ्याकडे बघत होती. इतकं टक लावून का बघतेय, असं मनात आलं. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. तिथे, त्या लोकांसमोर. दिवसभर नाही म्हणायचा पगार घेतो मी! एक शब्द.

म्हणालो, "आण की."

तिचा चेहरा एकदम उजळला. राजेंच्या गाडीत बसायला मिळणार म्हणून! जीव जळला माझा.

मग सरळ पट्ट्याच्या कडेच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. झेंडेवाला माझ्या शेजारीच होता, हात लांब केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता. 'ती गाडी थांबव' एवढंच म्हणायचं होतं. पहिली फेरी. म्हटलं, अजून तापले नसतील, पुढच्या फेरीला सांगतो. दुसरी. गाडी सरळ पट्ट्यावरून गेली, खिडकीत तिचं लाल हेल्मेट दिसलं, ब्रेकचे दिवे लागले. वळली. तिसरी. तोंड उघडलं, पण मी झेंडेवाल्याला किती वाजले ते विचारलं. हे मी लिहितोय कारण हे खरं आहे. किती वाजले ते विचारलं! चौथ्या फेरीला डोळे मिटून घेतले.

काही झालं नाही. गाडी आत आली. मी धावलो. ती उतरायच्या आत बॉनेट उघडलं, डबी तापलेली होती, हात भाजला, तरी झाकण काढलं.

ऑइल स्वच्छ. पाण्यासारखं.

डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं. आणि मग संताप आला — मला न विचारता कोणाकडून बदलून घेतलं याने? माझ्यावर विश्वास नाही? राजेंकडे बघितलं तर तो हातमोजे काढत होता, माझ्याकडे बघतच नव्हता.

वळलो तर मुलगी मागेच उभी. झाकण माझ्या हातात. तिने हेल्मेट खाली ठेवलं आणि मावशीकडे निघून गेली. परत जातानाही त्यांच्याच गाडीने गेली.

३ मार्च, सोमवार

ती घरी आली नाही. फोन केला, तेव्हा तिने सगळं सांगितलं.

मी 'ठीक आहे' म्हणालो त्याच आठवड्यात राजेंच्या टायरवाल्याने काळं ऑइल बघून बदललं होतं. शनिवारी राजेंनी तिला ते सांगितलं, गुरुजींनी मुद्दामच गप्प बसून सोडलं म्हणाले. ती माझ्या बाजूने त्यांच्याशी भांडली. बाबांच्या लक्षात आलं नसेल, म्हणाली. माहीत असेल तर मला त्या गाडीत बसूच देणार नाहीत, हवं तर उद्या विचारून बघा.

"तुम्ही 'आण की' म्हणालात, तेव्हा मला इतकं बरं वाटलं, बाबा. वाटलं, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं. मग तुम्ही धावत आलात, आणि आधी झाकण उघडलंत."