हुंगायचं राहून गेलं

दि. २ जुलै

चि. ठकूस, अनेक उत्तम आशीर्वाद.

शेळ्यांची बाळंतपणं करायला शिकतेस हे मी शेजारीपाजारी कौतुकाने सांगते. तुझे बाबा म्हणतात, चला, घरात एक सुईण झाली! मी पाठकोऱ्या कागदावरच लिहिते, तूही नवे कागद नासू नकोस.

ताईचं काय लिहू? दवाखान्यातून आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून असते. बाळ मेलेलंच जन्मलं, त्याला कोणाचा इलाज नव्हता. ती शुद्धीवर यायच्या आत सगळं उरकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाखवू नका, म्हणजे लवकर विसरेल. घरात आम्ही तो विषयच काढत नाही. जावई येतात, त्यांच्याशीही बोलत नाही. दोन घास खाते ते माझ्या धाकाने. देवाजवळ रोज तिचंच मागणं असतं. तिला हसू येईल असं काही लिही.

आईचा जीव तुझ्यापाशी आहे, हे विसरू नये.
— आई

दि. ९ जुलै

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

हसण्यासारखं काही नाही गं. मीच बोलणी खाल्ली. परवा एका शेळीचं पिल्लू मेलेलं जन्मलं. तिला बघवणार नाही म्हणून मी ते लगेच उचलून नेलं. वर तुझी शिकवण! जमीन फिनेलने खसाखसा धुतली, गवत बदललं. तेव्हापासून शेळी गोठाभर हुंगत फिरते. ओरडून घसा बसलाय तिचा, चाऱ्याला तोंड लावत नाही.

आमच्या मास्तरीणबाई कडाडल्या, हे काय स्वयंपाकघर आहे? म्हणाल्या, मेलेलं असलं तरी पिल्लू तिच्यापुढे ठेवायचं. ती चाटते, हुंगते, पायाने हलवून बघते. ते उठत नाही हे तिचं तिला कळतं, मग आपणहून बाजूला होते. तू तिला कळूच दिलं नाहीस. मी विचारलं, आता आणून दाखवू? तर ते पुरूनही झालं होतं.

हे लिहिताना तिचं ओरडणं ऐकू येतंय. ताईला यातलं काही वाचून दाखवू नकोस.

धाकटीवर माया असू द्यावी.
— ठकू

दि. १५ जुलै

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

तू नको म्हणालीस, तरी देवापुढे बसून विचार केला आणि पत्र ताईला वाचून दाखवलं. तिने भिंतीकडे बघतच ऐकलं. मग म्हणाली, आई, तू बघितलंस ना त्याला? बाबा दारातून नको नको अशी खूण करत होते. घरात दूध असताना मी त्यांना दूध आणायला पिटाळलं.

मग सांगितलं सगळं. नर्सबाईंनी त्याला फक्त माझ्या हातात दिलं होतं. अंग अजून ऊन होतं. केस दाट, कपाळाला चिकटलेले. हनुवटी जावयांची. मी त्याच्या कानात देवाचं नाव घेतलं, तेही सांगितलं. तिने विचारलं, नखं आली होती का? म्हटलं, आली होती, कापायला हवीत एवढी.

तेव्हा ती रडली. शेजारीण धावत आली, तिला मी उंबऱ्यावरूनच परत लावलं.

आता रोज मला पहिल्यापासून सांगायला लावते. मी सांगते, एकही शब्द न गाळता. माझ्याशिवाय त्याला बघितलेलं घरात दुसरं कोणी नाही.

इकडची माया आहेच, ती धरून चालावी.
— आई