लीयाच्या कपाटातली बुरशी

रोहा, ७ फेब्रुवारी १९९६

ती. रेचलताईस, धाकट्या रूबेनचा शालोम आणि वाकून नमस्कार. तुझे गुडघे तिकडे परदेशातल्या थंडीत काय म्हणतात? आम्ही दोघं खुशाल. (लीया कालच पेणहून परतली. ती का गेली होती ते पुढे येईलच.)

तर आपल्या आळीची विहीर दिवाळीपासून लाल झाली आहे. वरच्या रंगाच्या कारखान्याचं पाणी झिरपतं, असं सगळे म्हणतात; कारखाना नाही म्हणतो. बायका दोन आळ्या ओलांडून नळावर जातात. मी रिटायर झालेला विज्ञानाचा मास्तर, दुपारभर काठावर बसून त्या लालीत हरवून जायचो. मग एका मासिकात वाचलं की कुजक्या लाकडावरची पांढरी बुरशी लाकूड खाते तसा रंगही खाते. चिमाला (वाडीवरची, आपल्याकडे करवंदं घेऊन येते ती) ओंडका मागितला. ती हसतच सुटली. "मास्तर, लोक चांगला लाकूड मागतात, तुमी कुजका मागताव?" पण आणून दिला.

लीयाच्या तपेल्यात पेंढा उकळला, गोणीत भरला, त्यात बुरशी कालवली आणि अंधार हवा म्हणून गोणी तिच्या कपाटात ठेवली. ताई, काय सुंदर वाढलं म्हणून सांगू! रोज दार किलकिलं करून बघायचो. पांढरे धागे, जणू आत कुणी सावकाश ढग विणतंय. पंधराव्या दिवशी ते ढग शेजारच्या घडीवर, तिच्या लग्नाच्या शालूवर पोचले. लीयाने पेणची एस.टी. धरली. (रागावली की ती तिकडेच जाते, भाऊ जोशुआ तिथे असतो.)

मी गोणी लाल पाण्याच्या पिंपात सोडली. बाराव्या दिवशी पाणी फिक्या चहासारखं, तळ दिसला! एकट्यानेच टाळ्या वाजवल्या आणि बाटली भरून पेण गाठलं. लीयाने ती उन्हात धरली, हुंगली. "रंग गेला. वास हाय की अजून." पण बाटली खाली ठेवली नाही. परतताना गडब गाव येईस्तोवर मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "पुढच्या गोणीला दुसरी जागा बघा."

अख्ख्या विहिरीला या वेगाने पन्नास वर्षं लागतील. चिमा आणखी ओंडके आणणार आहे.

तुझा,
रूबेन

ता. क. तिकडे कायमचं राहायला येण्याचे तू पाठवलेले कागद मिळाले. आम्ही सह्या करणार नाही. रागावू नकोस.

ता. क. २. खरं तर एवढंच लिहायला बसलो होतो. धीर होईना, म्हणून आधी बुरशीचं लिहिलं. लीया म्हणते, आता पाकीट चिकटवा, नाहीतर हेही पत्र फाडाल.