कापलेल्या कडा

गौलीगुडा, हैदराबाद
१२ जानेवारी १९९५

प्रिय अक्का,
धाकट्या दिगूचा वाकून नमस्कार. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

तुझं पत्र पोचलं. गाईडसर पानापानावर लाल शाई ओततात, म्हणून तू त्यांच्याकडे जायचं बंद केलंस. आता पीएचडीच सोडणार म्हणतेस. मी सातवीपर्यंत शिकलेला, मला काय कळतं? पण आमच्या दुकानात प्रबंध बाइंडिंगला येतात, म्हणून सांगतो.

आमच्या एक गिऱ्हाईक वसुधाबाई तुझ्यासारख्याच आपल्या सरांवर रुसल्या होत्या. मागच्या महिन्यात त्यांचे सर वारले. परवा बाई सरांनी तपासलेला कच्चा प्रबंध घेऊन आल्या. "हा मला ठेवायला बांधून द्या," म्हणाल्या. मी सवयीनं गठ्ठा मशीनला लावला आणि कडा कापल्या. समासातलं सरांचं लाल अक्षर तुटून खाली पडलं.

बाई ओरडल्या नाहीत. खाली बसून एकेक पट्टी पदरात गोळा करू लागल्या. मीही बसलो. आमचे दुकानमालक उस्ताद म्हणाले, "क्या मियाँ, दोनों रोते क्या? लेई सूख रही!" खळ वाळत होती खरी, पण मग तेही पट्ट्या वेचायला बसले.

एका पट्टीवर "छान" लिहिलेलं होतं. कुठल्या पानावरचं, ते शेवटपर्यंत लागलं नाही.

अक्का, तुझे सर आहेत अजून. भांड, पण जा. ती लाल पानं फाडू नकोस. बांधायची झाली तर माझ्याकडे पाठव, मी कडा कापणार नाही.

तुझाच,
दिगू