यंदाचे तेल कोणी आणायचे

मी, सुभद्राबाई योसेफ ससाणे, वय एकाहत्तर, राहणार घाटनांदूर, तालुका अंबाजोगाई, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण ते कायद्याला लागत नाहीत.

१. राहते घर मुलगा बंकट व मुलगी मरियम यांचे निम्मे-निम्मे. शिलाई मशीन मरियमचे.

२. गजराचे घड्याळ दीर धुळाजी यांस द्यावे. एका वर्षी तेल आणायचे त्यांनी मोठ्या ऐटीत अंगावर घेतले आणि एसटी चुकवली. गावाला ईस्टर जुन्या तेलावर काढावा लागला.

३. तेलाचे असे, की दरवर्षी ईस्टरआधी संभाजीनगरच्या जुन्या कॅथेड्रलमध्ये बिशपसाहेब तेलाला आशीर्वाद देतात. त्यांची खुर्ची तिथे, म्हणून ते धर्मप्रांतातल्या सगळ्या चर्चचे माहेर. बाप्तिस्म्याचे आणि आजाऱ्याला लावायचे तेल तिथूनच गावोगाव जाते. आमच्या फादरांकडे पुष्कळ गावे, म्हणून घाटनांदूरच्या बाटल्या मी आणते, एसटीत मांडीवर धरून. शेजारचे किराणा दुकानदार मन्मथप्पा दरवर्षी विचारतात, "काकू, आमच्या तेलात काय कमी हाय?" मी म्हणते, "कमी काय न्हाई, भाव लई हाय."

४. हे काम मी बंकटवर सोपवते. मरियम रोज प्रार्थना करते, तिला राग येईल. येऊ दे. वडिलांना तेल लावले आणि ते गेले, तेव्हापासून बंकट चर्चची पायरी चढलेला नाही. "तेल लावून बाप वाचला का?" म्हणतो. नाही वाचला, बाळा. पण तेल लागल्यावर त्यांची भीती गेली. तू दाराबाहेर रडत होतास, म्हणून तुला दिसले नाही. मी पाहिले आहे.

५. हे आणि वरचे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता बंकटला आजच वाचून दाखवावे. वकील म्हणतात, असे करत नाहीत. वकिलांना माझा आजार नाही. डॉक्टरांनी ईस्टरपलीकडचे काही बोलायचे टाळले आणि या गुडघ्यांनी यंदा माझे संभाजीनगर होणार नाही. मला भीती वाटते. मला लावायचे तेल बंकटने आणावे. नाही म्हणाला तर कोणी जबरदस्ती करू नये.

ठिकाण: घाटनांदूर
राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारी २०२६
सही: सुभद्राबाई योसेफ ससाणे

आमच्यासमोर सही केली:
मन्मथप्पा राजेश्वर हलगे
हनुमान सुंदरराव जाधव

कलम ४ व ५ वाचून दाखवले. ऐकलं. एसटी किती वाजता हाय?
बंकट