दारातली पाठमोरी नऊवारी

माय, आपल्या दुकानाची आता वेबसाइट झाली आहे. म्हणजे मोबाइलमधलं दुकान समज; गोडादऱ्याच्या गल्लीत न येता लांबलांबच्या बायका आपल्या शिवलेल्या नऊवारी बघतात. तुझ्या नातीने बनवली. मी बजावलं होतं, ही चालली नाही तर दिवाळीनंतर नऊवारी बंद, नुसते ब्लाउज आणि फॉल-बिडिंग. बोलले खरी, पण तुझं काम माझ्या हातून बंद पडणार, हे मनाला पटत नव्हतं.

साइट उघडली की पहिला फोटो शेजारच्या नव्या सुनेचा. नथ, गजरा, गालावर खळी. नात म्हणाली, "मम्मी, पहिल्या फोटोतच पार्टी पटली पाहिजे." गिऱ्हाइकाला ती पार्टी म्हणते. बघणारे पुष्कळ, विचारणारं कोणी नाही. मग एक दिवस नागपूरहून एका बाईंचा फोन आला. "पोरगी गोड आहे हो. पण लुगडं मांगून कसं दिसते?" मी फोन हातात धरून हसतच सुटले. बाईंना वाटलं असेल, हिला वेड लागलं.

मला आपलं दार दिसत होतं. तू पाटीच्या खिळ्याला जांभळी नऊवारी अडकवते आहेस, पाठ रस्त्याकडे करून. समोरचा गुजराती चहावाला म्हणतो, "मासी, ऊंधी लटकावी छे," म्हणजे उलटी टांगलीस. तू दातात पिना धरून म्हणतेस, "सीधीच आहे, भाऊ." शाळेतून येताना मैत्रिणी हसतात म्हणून मी ती गुपचूप फिरवते, आणि तू माझं मनगट पकडतेस. "समोरून तं कोणतंही लुगडं चांगलंच दिसते, पोरी. काष्टा कसा बसला ते मांगूनच कळते. घेणारीला तेच पाहा लागते." पुन्हा मी हात लावला नाही.

नातीला म्हटलं, फोटो बदल. "पाठमोरी? पार्टीला वाटेल मॉडेल रुसली." मग मी माझ्या लग्नाचा अल्बम काढला. तू फोटोला कधी उभी राहिली नाहीस, कॅमेरा दिसला की पाठ फिरवायचीस. त्या खोडीचा तू गेल्यावर असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. पंगतीत जिलेबी वाढताना सापडलीस, स्वतः शिवलेल्या हिरव्या नऊवारीत, आणि काष्टा इतका चोख की नातीने तिथल्या तिथे तो फोटो मोबाइलमध्ये घेतला. आता साइट उघडली की आधी तूच. नागपूरच्या बाईंनी लेकीच्या मंगळागौरीसाठी घेतली, मग लेकीच्या मैत्रिणींनी. नऊवारी चालू आहे, माय. फार बरं वाटतंय.

नात म्हणते, आता नवा, स्पष्ट फोटो काढू. मी कधी उजेड नाही म्हणते, कधी गजरा मिळाला नाही म्हणते. हा कागद तुझ्या मशीनच्या खणात, खडूच्या तुकड्यांजवळ ठेवून देते. एक मात्र सांगायला हवं. येता-जाता मी साइट उघडून बसते आणि ऑर्डर बघते असं घरात सांगते. खरं म्हणजे जरा वेळ बघत राहिलं, तर तू वळशील असं वाटतं.